हलगी गार ठेवा!

दोस्तांनो, चैत्र-वैशाखातला आपला हलगीवाला बघा. आज साताऱ्यात बॅन्डपार्टी, उद्या सांगलीत रेकॉर्डिंग, राती जत्रेतला तमाशा. वरातीत सगळ्यांच्या पुढं, पंगतीत सगळ्यांच्या मागं. गाण्यावर गायकाचं नाव. ह्याचं नाव 'आणि साथीदार'!

हे आजचं नाय. अण्णाभाऊ साठे वाटेगावचे; गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात, आता सांगलीत. १९४४ ला अमर शेख, गवाणकरांसंगं लाल बावटा कलापथक उभं केलं. १९६९ ला दारिद्र्यात गेले. २००२ ला सरकारनं चार रुपयांचं टपाल तिकीट काढलं. जित्याला बिदागी नाय, मेल्याला तिकीट!

ही कदर घाला चुलीत. हलगी शेकायच्या आधी विचारा : पैसा किती, नाव कुठं? जबाब नाय, तर हलगी गार.