शुगर किती, एवढंच विचारू नका

ओपीडीत जिंतूर, गंगाखेडकडून आलेला मधुमेहाचा रुग्ण बसतो न बसतो तोच विचारतो, "डॉक्टर, शुगर किती?" रक्तदाब विचारणारा क्वचितच. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट तर फार थोड्यांच्या पिशवीत सापडतो. दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. गर्दीत आम्हीही साखर पाहून चिठ्ठी लिहितो.

साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की मूत्रपिंडे आणि रक्तवाहिन्या खराब होतात, रक्तदाब वाढतो, रक्तातली चरबीही बिघडते. यात दुखत काहीच नाही. म्हणून अनेकांना पहिली खबर लागते ती थेट लकव्याने किंवा हार्टअटॅकने.

आयसीएमआरच्या 'इंडियाब' पाहणीनुसार (२०२२) साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तिन्ही आटोक्यात असलेले मधुमेही देशात फक्त ७.७ टक्के. वास्तविक ब्रिटनच्या 'यूकेपीडीएस' अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवले होते, की मधुमेहींचा वरचा रक्तदाब सरासरी १५४ ऐवजी १४४ ठेवला तर पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी होतो. फरक अवघ्या दहा अंकांचा!

तेव्हा रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्या, कोलेस्टेरॉल वर्षातून एकदा तरी तपासा. मोजला नसेल तर खुर्चीवरून उठू नका. चाळिशीनंतर बहुतेक मधुमेहींना कोलेस्टेरॉलची, म्हणजे स्टॅटिनची गोळी लागते. रिपोर्ट फारसा वाईट नसला तरीही. आणि "बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडली" हे मी रोज ऐकतो. अहो, ते नॉर्मल आलं ते गोळीमुळेच.