फितूर न झालेला साक्षीदार

अ‍ॅट्रॉसिटीचा खटला उभा राहिला की बीडच्या न्यायालयात आम्हा वकिलांपुढे पहिला प्रश्न असतो : डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार टिकेल काय? ज्याच्या शेतात राबायचे त्याच्याचविरुद्ध बोलायचे, हे सोपे नाही. बातमीदार हाही साक्षीदारच. म्हणून बेळगावात १९२८ साली जन्मलेल्या अँथनी मस्कारेन्हास यांची आठवण चळवळीने ठेवावी.

ते कराचीच्या 'मॉर्निंग न्यूज'मध्ये सहायक संपादक होते. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालात कत्तल सुरू केली. एप्रिलमध्ये लष्करानेच आठ पत्रकारांना तिकडे फिरवून आणले. सर्व आलबेल आहे, असे त्यांच्याकडून लिहून घ्यायचे होते. सात जणांनी सांगितले तसे लिहिले. मस्कारेन्हास यांना ते जमले नाही. कोमिल्ल्याच्या परिसरात घरोघर हुडकून, सुंता झाली की नाही एवढे पाहून, हिंदूंना गोळ्या घातलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

आजारी बहिणीचे निमित्त करून ते लंडनला गेले आणि 'संडे टाइम्स'च्या संपादकांना भेटले. पण पत्नी आणि पाच मुले कराचीत होती. ते परत आले, कुटुंबाला आधी बाहेर काढले आणि स्वतः अफगाणिस्तानच्या सीमेवरून निसटले. १३ जून १९७१ रोजी लेख प्रसिद्ध झाला. मथळा एकच शब्द : 'जेनोसाइड', म्हणजे वंशसंहार. जगाला सत्य कळले. त्यांचे घर, नोकरी, देश सुटला.

बिगरबंगाली मुस्लिमांच्या झालेल्या हत्याही त्यांनी त्याच लेखात नोंदवल्या. साक्ष सोयीची नव्हती, म्हणूनच ती टिकली. पुढे शेख मुजीब यांच्या १९७५ मधील हत्येमागच्या लष्करी कटाचाही त्यांनी माग काढला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९८६ साली आले आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

आता आपल्याकडे पाहा. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारले गेले. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांची कुजबुज छापली गेली. जात मागाहून आली. तिथे ना युद्ध होते, ना लष्कराचा पहारा. फक्त गावात जाऊन विचारायचे होते.

नेतील तिकडे जाणारे आणि सांगतील ते लिहिणारे सात जण नेहमीच मिळतात. प्रश्न आठव्याचा आहे. उद्या तो आपल्या वस्तीतून उभा राहिला तर त्याच्या चुलीची आणि जिवाची जबाबदारी कोण घेणार? साक्षीदार एकटा पडला की फुटतो, हे मी रोज पाहतो. याचे उत्तर चळवळीनेच द्यायचे आहे.