सिनेटची मतदारयादी आणि आपण



तलासरीच्या गोदावरी परुळेकर महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या मुलांना पदवी मिळते ती १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची. अभ्यासक्रम, परीक्षा, संलग्नता यांचे निर्णय दूर मुंबईस होतात. तेथे आपणांस कोण विचारतो, असे आपण म्हणतो. कायदा विचारतो! २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडतात. पैकी एक जागा अनुसूचित जातींची, एक जमातींची. मागासवर्गीयांना सिनेटवर स्थान असावे, ही मागणी बाबासाहेबांनी १९२७ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात केली होती.

बौद्ध झालो, आता राखीव जागा गेली, ही भीती अनेक घरांत ऐकू येते. ती निराधार आहे. अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. आदिवासी बांधवांच्या जमातीच्या हक्काआड तर धर्म येतच नाही.

मात्र पदवीपत्र भिंतीवर टांगल्याने मत मिळत नाही. पदवीधर म्हणून विद्यापीठाकडे वेगळी नोंदणी करावी लागते. मागील निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मुदत पाच वर्षांची असते. आपल्या घरातील पदवीधराचे नाव यादीत आहे काय, हे आजच पाहा.