सरकारी वकील कोणाचा?

जळगावच्या घरकुल घोटाळ्याचा निकाल धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी दिला, तेव्हा न्याय उशिरा का होईना झाला, असे समाधान खानदेशात अनेकांना वाटले. 48 आरोपी दोषी ठरले. माजी मंत्री सुरेश जैन यांना 7 वर्षे कारावास व 100 कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना 5 वर्षे कारावास, अशा शिक्षा झाल्या. त्यावरील अपिले उच्च न्यायालयात गेली, तो भाग वेगळा. गरिबांसाठी हुडकोचे कर्ज काढून 11,424 घरे बांधण्याची ही योजना. त्यांपैकी सुमारे 1,500 घरे उभी राहिली आणि कर्जाचा बोजा वर्षानुवर्षे महापालिकेच्या, म्हणजे पर्यायाने जळगावच्या करदात्यांच्या, माथी राहिला.

या खटल्याच्या तारखा मात्र समाधानाला छेद देणाऱ्या आहेत. महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली फेब्रुवारी 2006 मध्ये. मुख्य आरोपीला अटक झाली मार्च 2012 मध्ये. मधली सहा वर्षे सरकारी वकिलाने काय केले, असा प्रश्न कार्यकर्त्यांच्या बैठकांतून विचारला जातो. कायद्याचे उत्तर असे की त्याला काही करताच येत नव्हते. तपास हा पोलिसांचा अधिकार. सरकारी वकील सल्ला देऊ शकतो, दोषारोपपत्रातील उणिवा दाखवू शकतो, पण अमक्याला पकडा किंवा तमक्याला सोडा असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. अटकेनंतर जैन यांना जामीन मिळाला तो सप्टेंबर 2016 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाकडून. आरोपी धनाढ्य आणि सत्ताधीश होता म्हणून निकालापूर्वीचे साडेचार वर्षांचे तुरुंगवास योग्य ठरत नाहीत, हे समाजवाद्यांनी तरी स्पष्ट म्हटले पाहिजे. उद्या तोच न्याय पावरा-भिल्ल वस्तीतल्या तरुणाला लावला जाईल, आणि त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कोणी जाणार नाही.

सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे, ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा मान्य झाली. इंग्रजी अमदानीत खालच्या न्यायालयांत खटले चालवीत ते पोलीस खात्याचेच नोकर. ज्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली साने गुरुजी विनोबांची गीताप्रवचने उतरून घेत होते, त्या तुरुंगात माणसे धाडणारी व्यवस्था हीच होती. 1958 साली विधी आयोगाने ही गल्लत दूर करण्याची शिफारस केली आणि 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती तत्त्वतः दूर केली. तरीही महाराष्ट्रात सहायक सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्या अंमलाखालीच राहिले. त्यांचा स्वतंत्र संवर्ग करा, हे शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला 1995 साली सांगावे लागले. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याला संहितेचा साधा अर्थ समजायला दोन दशके लागली!

त्याच्या आदल्या वर्षी, हितेंद्र ठाकूर यांच्या टाडा खटल्यात, याच न्यायालयाने सांगितले होते की सरकारी वकील म्हणजे पोलिसांचा टपालवाला नव्हे; आरोपीची कोठडी वाढवून मागताना त्याने तपासाचे कागद स्वतः वाचून, स्वतःची बुद्धी चालवून अहवाल दिला पाहिजे. आरोपीला उपकारक असलेला पुरावाही त्याने न्यायालयापुढे ठेवायचा असतो. शिक्षा मिळवणे हे त्याचे यश नव्हे आणि आरोपी सुटणे हा त्याचा पराभव नव्हे.

हे तत्त्व ज्या ठिकाणी सर्वांत अधिक झिजले आहे ती जागा म्हणजे विशेष सरकारी वकिलाची नेमणूक. नेहमीच्या अभियोक्त्यासाठी नामिका, संवर्ग, काही ना काही पद्धत आहे. विशेष वकिलासाठी 10 वर्षांची वकिली आणि सरकारची मर्जी एवढे पुरते. घरकुल खटल्यातील विशेष सरकारी वकील प्रवीण चव्हाण यांच्यावर 8 मार्च 2022 रोजी तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत चित्रफिती सादर करून आरोप केला की, गिरीश महाजन यांना खोट्या खटल्यात गोवण्याचा कट शिजतो आहे. चव्हाण यांनी आरोप नाकारला आणि पद सोडले. पुढे सरकार बदलले आणि तपास सीबीआयकडे गेला. खरेखोटे न्यायालय ठरवील. परंतु एक सरकार ज्याला आपला माणूस म्हणून नेमते, त्याला पुढचे सरकार शत्रूचा माणूस म्हणून पाहते, हा विकार एका व्यक्तीचा नाही.

दुसरे उदाहरण याहून अधिक प्रसिद्ध आहे, आणि तेही जळगावचेच. उज्ज्वल निकम यांनी जळगावात सरकारी वकिली केली आणि 1993 च्या बॉम्बस्फोट खटल्यापासून ते देशाला ठाऊक झाले. त्यांचे कष्ट व कौशल्य वादातीत आहे. पण कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपण रचली होती, हे त्यांनीच 2015 साली सांगितले. ज्याने न्यायालयाबाहेर एक शब्दही वावगा बोलू नये, त्याने लोकभावना वळवण्यासाठी कथा रचावी आणि लोकांनी हसून सोडून द्यावी, हे कशाचे लक्षण? 2024 साली ते भारतीय जनता पक्षाचे उमेदवार म्हणून मुंबईतून लोकसभा लढले, हरले, आणि निकालानंतर काही दिवसांतच पुन्हा विशेष सरकारी वकील नेमले गेले. 2025 मध्ये ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य झाले. यात कायदा मोडला गेला असे नव्हे. मात्र काल प्रचारात एका पक्षाची बाजू मांडणारा माणूस आज शासनाच्या, म्हणजे साऱ्या समाजाच्या, वतीने उभा राहतो, तेव्हा समोरच्या आरोपीने विश्वास कशावर ठेवायचा?

आणि तरीही पीडित कुटुंबे निकमांचेच नाव मागतात. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले, तेव्हाही सरकारने त्यांच्याच नावाची घोषणा केली. लोक नामवंत वकील मागतात, कारण तालुक्याच्या कोर्टात रोज ढिगाने कागद उपसणाऱ्या अभियोक्त्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. साक्षीदार फितूर होतात ते याच कोर्टात, आणि शेतमजूर बाईची फिर्याद पडते तीही येथेच. तिथला सरकारी वकील सक्षम करण्याऐवजी दोन-चार गाजलेल्या खटल्यांसाठी तारांकित वकील आणणे सरकारला स्वस्त पडते, टाळ्याही मिळतात.

खटला मागे घेण्याच्या अधिकाराबाबत पक्षाने अधिक सावध असले पाहिजे, कारण त्याचा लाभ समाजवाद्यांनीही घेतलेला आहे. आणीबाणीतील बडोदा डायनामाइट खटला जनता पक्ष सत्तेवर येताच 1977 साली मागे घेतला गेला आणि जॉर्ज फर्नांडिस मुक्त झाले. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण निर्णय सरकारी वकिलाने स्वतःच्या विवेकाने घ्यावयाचा असतो, सरकारने फक्त सुचवावयाचे असते, हेही बजावले. आणीबाणीच्या राजवटीने भरलेला खटला लोकांच्या कौलानंतर मागे घेणे आणि मित्रपक्षाच्या आमदाराला वाचवण्यासाठी खटला गुंडाळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ओळखायचा तर मधल्या माणसाला कणा हवा. केरळ विधानसभेतील तोडफोडीचा खटला तिथल्या डाव्या सरकारला मागे घेऊ देण्यास न्यायालयाने 2021 साली नकार दिला, आणि त्याच वर्षी आजी-माजी आमदार-खासदारांवरील खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत असा आदेश दिला. दोन्ही निर्णयांचे स्वागतच करावयास हवे. कापूस-केळीच्या भावासाठी रस्ता रोखणाऱ्या कार्यकर्त्यांवरील खटले मागे घ्या, ही मागणी न्याय्यच आहे. पण ती मंत्र्याच्या बंगल्यावर जाऊन नव्हे, तर प्रकरणागणिक कारणे देऊन अभियोक्त्यापुढे व न्यायालयापुढे मांडावी.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने खटला मागे घेण्यापूर्वी पीडिताचे म्हणणे ऐकणे बंधनकारक केले, हे चांगले झाले. नेमणुकीबाबतही एक संधी आहे. जुन्या संहितेत जिल्ह्याची नामिका जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून करावयाची होती. महाराष्ट्राने 1981 साली दुरुस्ती करून न्यायाधीशांना वगळले आणि त्या जागी राज्य सरकारची मान्यता घातली. नव्या संहितेच्या मजकुरात सत्र न्यायाधीश पुन्हा आहेत. ते प्रत्यक्षात आहेत का, हे जळगाव व धुळे येथील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे: नामिकेवर कोणाची नावे आहेत, ती कोणाच्या शिफारशीने आली, आणि सत्र न्यायाधीशांचे मत कागदावर कोठे आहे.