व्यवहारदृष्टी : अडखळणारा लॅपटॉप आणि न जुळणारी तेरीज

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या गावांतील व्यापारी कुटुंबांत अलीकडे एक नवा जोडधंदा रुजला आहे. वडील कापड, धान्य किंवा सरकीचा व्यवहार सांभाळतात आणि धाकटा मुलगा लग्नकार्यासाठी ध्वनियंत्रणा व डीजे भाड्याने देतो. ध्वनिक्षेपक, मिक्सर, दिवे यांत मोठे भांडवल गुंतलेले असते. परंतु ते सारे चालते एका लॅपटॉपवर. ऐन वरातीत त्यातून खरखर उमटली, गाणे क्षणभर तुटले किंवा कळ दाबल्यावर ध्वनी उशिरा आला, की पुढची मागणी दुसऱ्याकडे जाते. मग घरात एकच प्रस्ताव येतो, नवा लॅपटॉप घेण्याचा. साठ-सत्तर हजारांचा हा खर्च हप्त्यांवर करण्यापूर्वी जुन्या यंत्रात दोष नेमका कोठे आहे, हे पाहणे व्यवहाराला धरून होईल.

प्रथम मूळ समजून घ्यावे. संगणकातील संगीत म्हणजे अंकांची मालिका. सामान्य ध्वनिमुद्रणात एका सेकंदाला ४४,१०० नमुने ध्वनियंत्राला पुरवावे लागतात. हे गिऱ्हाईक क्षणभरही थांबत नाही. म्हणून लॅपटॉप काही नमुने आधीच तयार ठेवतो. या साठ्याला बफर म्हणतात. दुकानातील शिल्लक माल आणि गोदामातून येणारी गाडी, हाच तो हिशेब. शिल्लक कमी ठेवली तर नवा माल गिऱ्हाइकापर्यंत लवकर पोहोचतो, पण गाडीला जरा उशीर होताच फळी रिकामी पडते, तीच खरखर. शिल्लक भरपूर ठेवली तर फळी रिकामी पडत नाही, मात्र जुना माल संपेपर्यंत नवा पुढे येत नाही. तोच विलंब, ज्याला लेटन्सी म्हणतात.

आकड्यांत सांगायचे तर १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.९ मिलिसेकंद पुरतो, २५६चा ५.८, ५१२चा ११.६ आणि १०२४चा २३.२ मिलिसेकंद. प्रत्यक्ष विलंब याहून थोडा अधिक असतो. केवळ एकामागून एक गाणी वाजवणाऱ्यास ५१२चा बफर बहुधा सुखाने चालतो. तबकडी मागेपुढे फिरवून स्क्रॅच करणाऱ्यास मात्र कमी विलंब हवा असतो. तक्रार खरखरीची असेल तर बफर एक पायरी वाढवणे, हा पहिला आणि बिनखर्ची उपाय होय.

कधी दोष लॅपटॉपचा नसतोच. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. लॉनवर मुख्य ध्वनिक्षेपक १० मीटर दूर असेल तर डीजेच्या कानी ध्वनी सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यासाठी स्वतःजवळ एक लहान ध्वनिक्षेपक ठेवावा लागतो. ब्लूटूथने जोडलेल्या यंत्रात विलंब अंगभूतच असतो. या कामी तार हवी.

एवढे करूनही खरखर थांबली नाही, तर गोदामाची गाडी का अडकते ते शोधावे. विंडोज ही प्रणाली एकाच वेळी अनेक कामे हाताळते. वायफाय, ग्राफिक्स, बॅटरी, यूएसबी अशा प्रत्येक भागाचे ड्रायव्हर नावाचे लहान प्रोग्राम असतात व त्यांची तातडीची कामे प्रोसेसर सामान्य कामांच्या आधी उरकतो. बँकेच्या खिडकीवर रांग असताना आतून कोणी निकडीचा कागद घेऊन यावा आणि रांग थांबावी, तसे हे आहे. एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर ८ मिलिसेकंद अडवून ठेवला, तर ५.८ मिलिसेकंदांचा साठा मध्येच संपणार, हे उघड आहे. प्रोसेसर कितीही वेगवान असो, रांग अडलेलीच राहते. म्हणूनच महाग लॅपटॉपही खरखरतो.

हा अडथळा मोजण्यासाठी लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम आहे. त्याची घरगुती वापराची आवृत्ती मोफत मिळते. तो पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा आणि ड्रायव्हरांच्या यादीत सर्वाधिक वेळ कोणी घेतला ते पाहावे. तेथे एनडीआयएस हे नाव वर असेल तर संशय वायफाय किंवा अन्य नेटवर्क यंत्रणेवर. एनव्हीएलडीडीएमकेएम असेल तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्सवर. एसीपीआय असेल तर वीज व बॅटरी व्यवस्थापनावर.

येथे व्यापारी घराण्याचे जुने शिक्षण कामी येते. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी सगळी खतावणी फाडून टाकत नाही. एकेक खाते तपासले जाते आणि तपासलेल्या नोंदीवर खूण केली जाते. लॅपटॉपच्या बाबतीतही एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा मोजावे आणि वहीत तारीख, बदल व आकडा लिहावा. पाच बदल एकदम केले तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि परत आला तर शोध पुन्हा पहिल्यापासून.

क्रम असा ठेवता येईल. आधी वायफाय व ब्लूटूथ बंद करून मोजावे. नंतर वीजयोजना उच्च कार्यक्षमतेवर ठेवून यूएसबीची वीज वाचवण्याची सोय बंद करावी. चार्जर काढताच पुष्कळ लॅपटॉप आपला वेग कमी करतात, म्हणून कार्यक्रमात चार्जर जोडलेलाच असावा. त्यानंतर डीजे प्रोग्राममध्ये ध्वनीचा मार्ग तपासावा. विंडोजच्या सर्वसाधारण मार्गाऐवजी कंट्रोलरच्या उत्पादकाने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर निवडल्यास विलंब पुष्कळदा कमी होतो. कंट्रोलर हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला आणि चांगल्या केबलने जोडावा. वायफाय, ग्राफिक्स व बायोस यांच्या नव्या आवृत्त्या लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्याव्यात. व्हायरस तपासणी व फायलींची आपोआप होणारी नक्कल कार्यक्रमाच्या वेळी थांबवावी.

विदर्भात आणखी एक कारण स्वतंत्रपणे पाहावे लागते, ते म्हणजे उष्णता. वैशाख-ज्येष्ठात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लग्नांचा हंगामही तोच. तापमान मर्यादेपलीकडे गेले की प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग घटवतो. दुपारी घरात सुरळीत चालणारे यंत्र मंडपात, हॅलोजनच्या झोतात अडखळते, त्याचे कारण अनेकदा हेच असते. पंख्याच्या जाळीतील धूळ साफ करणे, आतील थर्मल पेस्ट बदलून घेणे आणि लॅपटॉप सतरंजीवर न ठेवता उंच जाळीदार स्टँडवर ठेवणे, यांस फारसा खर्च येत नाही.

खर्च कधी करावा? जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी आणि मेमरी अपुरी असेल तर ती वाढवणे, हा नव्या लॅपटॉपच्या मानाने लहान खर्च आहे. काही लॅपटॉपांचा मूळ आराखडाच या कामास अनुकूल नसतो. सर्व उपाय नोंदीसह करूनही आकडे खाली येत नसतील, तर ते यंत्र दुकानाच्या बिलांसाठी वापरावे व डीजेसाठी दुसरे घ्यावे. खरेदीपूर्वी दुकानदाराच्या अनुमतीने त्यावरही तीच चाचणी चालवून पाहावी.

ही तपासणी चातुर्मासात करणे सोयीचे. त्या काळात लग्नकार्ये थांबलेली असतात आणि यंत्रही मोकळे असते. मुहूर्ताच्या आदल्या रात्री विंडोजची नवी आवृत्ती चढवणे टाळावे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. त्यामुळे साडेनऊला बंद पडलेली पंधरा मिनिटे दहानंतर भरून काढता येत नाहीत, आणि यजमानाने पैसे तर पूर्ण वेळेचे दिलेले असतात.

मुलाने नव्या लॅपटॉपची मागणी केली, तर वडिलांनी ती फेटाळू नये आणि लगेच मान्यही करू नये. त्याच्याकडे नोंदवही मागावी. कोणता बदल केला, आधी आकडा काय होता, नंतर काय झाला, हे तिच्यात लिहिलेले असेल तर मागणी खरी आहे की नाही, ते वही वाचूनच कळेल. आणि पुढे हाच मुलगा धंद्याचे मोठे कर्ज मागावयास निघेल, तेव्हा अशा नोंदी ठेवण्याची सवय त्याच्या उपयोगी पडेल.