रक्तातील आकडा आणि रुग्णाचे आयुष्य

२०१६ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली आणि जिल्हा रुग्णालयांतून गरिबांना मोफत डायलिसिस मिळण्याचा मार्ग खुला झाला. हे पाऊल स्वागतार्हच होते. तथापि, यंत्रावर चार तासांची पाळी मिळाली की रुग्ण तरला, असे मानणे भ्रामक ठरेल.

मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात फॉस्फेट साचते, ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप पुरेसे तयार होत नाही आणि कॅल्शियम घटू लागते. ही तूट भरून काढण्यासाठी गळ्यातील चिमुकल्या पॅराथायरॉइड ग्रंथी अधिकाधिक संप्रेरक स्रवतात आणि हाडांतील कॅल्शियम ओढले जाते. हाडे कमकुवत होतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कठीण बनतात. हे संप्रेरक फार वाढलेल्या, तसेच फार घटलेल्याही रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळते. म्हणूनच २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी दर तीन ते सहा महिन्यांनी ही रक्ततपासणी सुचविली. संप्रेरकाची पातळी निरोगी माणसाच्या कमाल मर्यादेच्या सुमारे दोन ते नऊ पट असावी, असेही त्यांत म्हटले आहे. मर्यादा पटींत सांगण्याचे कारण उघड आहे : निरनिराळ्या पद्धतींच्या चाचण्या एकाच रक्ताचे निरनिराळे आकडे देतात. तेव्हा एखाद्या अहवालापेक्षा, एकाच पद्धतीने वेळोवेळी केलेल्या तपासण्यांतून दिसणारा कल महत्त्वाचा होय.

शिवाय, आकडा उतरला म्हणजे आयुष्य वाढले, असेही नाही. सिनाकॅल्सेट या औषधाची ३,८८३ डायलिसिस रुग्णांवर चाचणी झाली. संप्रेरक घटले, परंतु मृत्यू व हृदयविकाराचे गंभीर प्रसंग निर्णायकपणे कमी झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूळ विश्लेषणात सिद्ध झाले नाही. महागडी गोळी हा पुरेशा डायलिसिसला, योग्य आहाराला आणि नियमित देखरेखीला पर्याय नव्हे.

आणि नेमके हेच गरिबाला दुर्लभ आहे. आठवड्याला तीन पाळ्या हा सर्वमान्य प्रघात असताना या देशात असंख्य रुग्णांना दोन पाळ्यांवर भागवावे लागते. पाळी मोफत असली तरी एस.टी.चे भाडे आणि बुडालेली मजुरी चुकत नाही. त्यात तपासणी व औषधे पदरमोड करून घ्यावी लागली, तर प्रथम तपासणीलाच फाटा मिळतो. जी व्याधी हाडे मोडेपर्यंत बोलत नाही, ती मग अखेरपर्यंत नोंदलीच जात नाही.

म्हणून ‘मोफत डायलिसिस’ या शब्दांत पुरेशा पाळ्या, ठराविक काळाने रक्ततपासणी, औषधे आणि प्रवासखर्च यांचा समावेश झालाच पाहिजे. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील केंद्रांत जाऊन यंत्रे किती, एवढेच विचारून परतू नये. रुग्णाची शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तिचे पैसे कोणी भरले, हेही विचारावे. हक्काची खरी कसोटी तेथेच लागते.