घरात कुणाला साखर नाही, म्हणून तपासणी टाळू नका



‘गरोदरपणातला मधुमेह आनुवंशिक; घरात कुणाला साखर नसेल तर तपासणी कशाला?’ हे मागच्या अंकातल्या पत्रातलं मत मला घातक वाटतं. टीसीएफ७एल२, एमटीएनआर१बी या जनुकांतले काही बदल धोका वाढवतात, हे खरं. पण एकेका बदलाचा वाटा थोडाच असतो. आणि ‘आमच्यात कुणाला नाही’ म्हणणाऱ्या किती घरांत रक्त तपासलेलं असतं?

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून सहा खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळं वजनाने कमी, तरी अंगात चरबी राखून असलेली निघाली. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी असू शकते; त्यामुळे किडकिडीत बाईला धोका नाही, असं कुणी मानू नये.

सरकारी नियम सोपा आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघायची, १४० किंवा त्याहून जास्त आली तर उपचार. उपाशी राहायची गरज नाही. पहिल्या भेटीत एकदा, २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. पण आपल्या जिल्ह्यातली ऊसतोड बाई पुष्कळदा तेव्हा दूर फडावर असते. आरोग्य विभागाने ही दुसरी तपासणी कारखान्यांच्या तळांवर न्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, केज (जि. बीड)